पिठलंभाताचा डबा

बायकोला अग्नी देऊन धारप परतले, तर फाटकाशी शेजारचे कुलथे उभे. हातात पिठलंभाताचा डबा. कुलथ्यांच्या बदामाची पानं धारपांच्या अंगणात पडतात, यावरून दोघांचं वर्षानुवर्षं कोर्टात चाललं होतं.

"खाऊन घ्या. सोमवारी तारीख आहे," कुलथे म्हणाले. "तुम्ही आडवे झालात, तर मी भांडू कोणाशी?"

धारपांनी डबा घेतला, पण आभार मानले नाहीत. सुन्या घरात बसून शेवटच्या शितापर्यंत जेवले आणि डबा घासला. रिकामं भांडं परत करू नये, निदान चिमूटभर साखर घालावी, असं बायको सांगायची. साखर कुठे असते, हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

मग त्यांनी अंगणातली पानं डब्यात दाबून भरली, डबा कुंपणाच्या भिंतीवर ठेवला आणि पलीकडून शिव्या कधी ऐकू येतात याची वाट बघत पायरीवर बसून राहिले.