वारा कधी सुटणार

"बाई, आज तरी वारा सुटेल का?"

दुपारी फोन वाजला की पलीकडून हाच प्रश्न यायचा. हवामान केंद्रात अंदाज काढणाऱ्या बाईंनी सवयीने खिडकीकडे पाहिलं. पडदा ढिम्म होता. महिनाभर उच्च दाबाचा पट्टा या भागावर ठाण मांडून बसला होता. पातेल्यावर झाकण ठेवावं तशी हवा खाली कोंडली होती. रोजचा अंदाज म्हणजे कालचीच नक्कल: आकाश निरभ्र, ऊन कडक, वारा नाही.

डोंगरउतारावरचं वाळकं गवत अधूनमधून पेटत होतं. काडी कोण लावतंय, कुणालाच पत्ता नव्हता. वारा नाही म्हणून आग जागच्या जागी विझायची, एवढंच नशीब.

पहिल्या आगीनंतर अग्निशमन दलाच्या साहेबांचा फोन आला आणि मग तो रोजचाच झाला. "बाई, तुमचे बंबवाले आले लाइनवर," शिपाई चिडवायचा. पत्रक निघण्याआधी अंदाज बाहेर सांगायचा नाही, असा नियम होता. पण आगीत शिरणाऱ्या माणसापुढे कसला आलाय नियम! "नाही" म्हटलं की साहेब मोठा सुस्कारा टाकायचे. बिचाऱ्यांच्या डोक्यावर केवढं ओझं असेल, असं बाईंना वाटायचं.

आज मात्र बाईंनी समोरचा नकाशा पुन्हा एकदा तपासला.

"सुटेल, साहेब. पट्टा सरकलाय. चारच्या सुमारास, उत्तरेकडून, आणि चांगलाच जोरात."

पलीकडून लगेच प्रश्न आला.

"नक्की?"

"नक्की. पत्रकावर वरिष्ठांची सही व्हायचीय. तोवर हे तुम्हाला अन् मलाच ठाऊक."

"म्हणजे वरचं गवत पेटलं, तर खालची वस्ती..."

"पहिल्या गल्लीपासून सगळी. साहेब, माझी आई तिथंच राहते. गुडघ्यांनी अधू आहे. तुमची माणसं आधीच वर पाठवा. पाया पडते तुमच्या."

"माणसं कशाला? मी स्वतःच जातो," साहेब मायेनं म्हणाले. "चारला तिथंच असेन."

बाईंच्या जिवात जीव आला. त्यांनी लगेच आईला फोन लावला.

"शेजारणीला हाक मारून बाहेर पडू का गं?" आईनं विचारलं.

"नको, आई. उगाच धडपडशील. साहेब स्वतः येताहेत तिथं. तू दार लावून घरातच बस."

चार वाजत आले तरी सही झाली नव्हती. बाई खोलीत येरझारा घालत होत्या. इतक्यात दार उघडलं. भुवया करपलेला, गणवेशावर काजळी लागलेला एक माणूस आत आला. छातीवर अग्निशमन दलाच्या प्रमुखाचा बिल्ला होता.

"अहो साहेब, तुम्ही इथं?" बाई ओरडल्याच. "डोंगरावर जाणार होतात ना?"

"डोंगरावर?"

"दुपारी फोनवर नाही का म्हणालात!"

खिडकीचा पडदा हलला, मग फुगून आत आला.

"फोनवर?" तो गोंधळून म्हणाला. "बाई, मी तुमच्याशी आज पहिल्यांदाच बोलतोय."