पडताळा

‘इल्वा हेडलुंड’ या नावापुढं काहीच आलं नाही, तेव्हा हालवारचा चेहरा पडला.

“मेलीबिली तर नसेल ना गं, पोरी?”

“काहीतरीच काय बोलता!” मालिन म्हणाली. “साइट जुनी असेल. एकाच साइटवर भरवसा ठेवायचा नाही, हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं ना?”

गावच्या ग्रंथालयात मालिन म्हाताऱ्यांना इंटरनेटवर शोधायला शिकवायची. खरं काय, थापा काय, कोण लिहितंय, का लिहितंय, हे कसं ओळखायचं ते सांगायची. बाकीचे गुडघेदुखीवरचे उपाय शोधून कॉफी आणि दालचिनीच्या बन्सकडं पळायचे. हालवार मात्र जागचा हलायचा नाही. त्याला गुडघ्यांचं काही पडलेलं नव्हतं, हरवलेली मुलगी शोधायची होती. बायको गेली आणि पोरगी दुरावली, एवढंच तो सांगायचा. कॉम्प्युटर त्याला अजिबात येत नव्हता, कारण मधली बरीच वर्षं त्यानं अशा ठिकाणी काढली होती जिथं इंटरनेट नव्हतं. जहाजावर असेल बिचारा, असं मालिननं मनाशी ठरवून टाकलं. तिचे स्वतःचे वडील गेल्या हिवाळ्यात गेले होते. म्हातारा माणूस डोळे पुसायला लागला की ती तिथंच विरघळायची.

स्वीडनमध्ये शेजाऱ्याचा पत्ता, वाढदिवस, घर केवढं आहे, हे सगळं घरबसल्या कळतं आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. अशा देशात एखादं माणूस कुठंच सापडू नये, हे नवलच. त्यामागं काय कारण असेल, असं मालिनच्या मनात यायला हवं होतं. पण तिला ते कोडं वाटलं, आणि कोडी सोडवायची तिला भारी हौस.

“नाव सोडून देऊ,” ती म्हणाली. “माणूस नाव बदलतं, आवड बदलत नाही. तिला काय आवडायचं?”

“पळायला. हातात नकाशा आणि होकायंत्र घेऊन जंगलातून पळतात ना, त्या शर्यती. लहानपणी नुसती बक्षिसं आणायची.”

मालिन खुर्चीत सरसावून बसली. त्या शर्यतींचे निकाल तर सगळे क्लब इंटरनेटवर टाकतात.

“तिचं दुसरं नाव? आजीचं माहेरचं आडनाव? आपल्याकडं आडनाव बदलताना पुष्कळ जण घरातलंच जुनं घेतात.”

“मार्गित. आणि सासूबाई माहेरच्या शेडर.” हालवारनं तिच्याकडं कौतुकानं पाहिलं. “तुझं डोकं बाकी भारीच चालतं हं.”

मार्गित शेडर एकच निघाली, पार दक्षिणेच्या टोकाला. क्लबच्या पानावर तिचा फोटो होता, भोवती चिखलानं माखलेली पोरं. हालवार पडद्यावर इतका वाकला की त्याच्या श्वासानं काच धुरकटली.

“भुवईवरचा व्रण बघ. झोपाळ्यावरून पडली होती.”

“बघा! नाव जुळतं, खेळ जुळतो, व्रण जुळतो.” मालिनला टाळ्या पिटाव्याशा वाटल्या. “तरी अजून एक राहिलं. फोटो फसवतात. ज्याची माहिती, त्यालाच विचारल्याशिवाय पक्कं धरायचं नाही.”

“मग विचार ना. मी गप्प बसतो. तिला एकदम चकित करू.”

मुलांना ती शिकवायची म्हणून पानावर तिचा फोन नंबर होता. हालवारला कमी ऐकू यायचं, तेव्हा मालिननं फोन स्पीकरवर टाकला.

“मार्गित बोलतेय.” मागं पोरांचा गलका चालला होता.

“नमस्कार, मी ग्रंथालयातून मालिन. तुम्ही म्हणजे पूर्वीच्या इल्वा हेडलुंड ना? घाबरू नका, गोड बातमी आहे. तुमचे बाबा इथं माझ्या शेजारी बसलेत!”

 पलीकडून फक्त पोरांचं ओरडणं ऐकू येत होतं. बाई आनंदानं रडत असणार, असं वाटून मालिनचेही डोळे भरून आले.

“बाई,” अखेर आवाज आला, जेमतेम ऐकू येईल असा. “त्यांनी आईला मारून टाकलं. मी पाहिलं. कोर्टात उभी राहून मीच सांगितलं, म्हणून ते आत गेले. सुटले की मला शोधणार, हे त्यांनी तिथंच सगळ्यांदेखत सांगितलं होतं. म्हणून सरकारनं माझा पत्ता झाकलाय. माझं नाव बदललं, माझ्या पोरांची नावं बदलली. तुम्ही कुठून फोन करताय? त्यांना काय काय सांगितलंत?”

 पडद्यावर क्लबचं पान अजून उघडंच होतं. त्यावर गावाचं नाव होतं, सरावाचं मैदान होतं, सरावाचे वार होते. सगळं तिनंच शोधून दिलं होतं आणि त्याला दिसावं म्हणून अक्षरंही तिनंच मोठी केली होती.

“हॅलो? बाई, बोला ना काहीतरी! ते ऐकतायत का?”

हालवार उठला होता. शांतपणे कोटाची बटणं लावत होता.

“आवाज तिचाच आहे,” तो मालिनला म्हणाला. “आता खात्री झाली.”