लेकराचं रडणं

राखी पहिल्या बाळंतपणासाठी केनवडला माहेरी आली होती. डॉक्टरांनी गुरुवारची तारीख दिली होती.

सोमवारी दुपारी शेजारच्या सरवरीचाचींनी भिंतीवरून राखीच्या आईला हाक मारली. "मुबारक हो, गोजराबाई. सकाळपासून लेकराचा आवाज येऊन राह्यला. पोरगी झाली का पोरगा?"

राखी भरलं पोट सावरत अंगणात आली, तशा चाची ओशाळल्या. "दुसऱ्या कोनाचं असन, माय," त्या म्हणाल्या.

पण त्या गल्लीत दुसऱ्या कुणाकडे तान्हं मूल नव्हतं.

मंगळवारी आरोग्य केंद्राच्या आशाताई राखीचं गरोदरपणाचं कार्ड भरायला आल्या. लिहिता लिहिता त्यांनी मान वर केली. "आतमधी कोनाचं लेकरू हाय? घ्या ना त्याले, केवढं रडून राह्यलं."

राखीला काहीच ऐकू येत नव्हतं. तिची आई, गोजराबाई, हसली. "आमच्या घरी कोनी नाही, बाई. तुमाले दिवसभर लेकरंच ऐकू येतेत."

बुधवारी मायलेकी ओसरीवर तुरीची डाळ निवडत बसल्या होत्या. मधेच गोजराबाईचा हात सुपात थांबला. ती जराशी कान देऊन बसली आणि उठून आत गेली.

बराच वेळ ती बाहेर आली नाही, म्हणून राखी भिंतीला धरत आत गेली. आई मधल्या खोलीत जमिनीवर बसली होती. एक मांडी हलवत ती त्या रिकाम्या मांडीवर हळूहळू थोपटत होती.

"मा, काय करून राह्यली?"

"हळू बोल," गोजराबाई म्हणाली. "आत्ताच डोया लागला त्याचा."

राखीचा हात पोटावर गेला. सकाळपासून एकसारखं लाथा मारणारं बाळ आत निपचित झालं होतं.