वर्तकनगरातलं रोमन घर

"हा किल्ला नाही," गुरुदत्तकाकांनी निकाल दिला.

"मी कुठे म्हणतेय किल्ला आहे?" रसिकाने मान वरसुद्धा केली नाही. "रोमन घर आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचं."

सोसायटीचा सेक्रेटरी कमलेश खुलला. त्याला एवढंच ऐकायचं होतं.

दोन इमारतींच्या मधे मातीचा हा एकच तुकडा उरला होता. तिथे पेव्हर ब्लॉक बसवून गाड्या लावायचा घाट कमलेशने घातला होता. भाऊबीजेनंतरच्या रविवारी सभा होती आणि निम्मे सभासद विरोध करणार हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून सभेआधीच ब्लॉक बसवायचे. एकदा बसवलेला ब्लॉक उपटायला कोण येतंय?

अडचण एकच होती. दिवाळीत तिथे मुलांचा किल्ला असायचा, आणि उभ्या किल्ल्यावर कुदळ घालायची कुणाची छाती नव्हती. मग कमलेशने यंदा किल्लेस्पर्धाच गच्चीवर नेली. मुलं वर गेली आणि खालच्या रिकाम्या मातीत रसिका फतकल मारून बसली.

ती संग्रहालयांसाठी छोट्या प्रतिकृती बनवायची. किल्ला कर, विषय संपेल, असं सगळ्यांनी तिला सांगून पाहिलं. पण सरळ रस्त्याने जाईल ती रसिका कसली!

"किल्ल्याच्या आड लपणार नाही मी," ती म्हणाली होती. "ही माती माती म्हणून वाचली पाहिजे. रोमन लोक घराच्या मधोमध छप्पर उघडं ठेवायचे, मागे बाग राखायचे. आपल्याला एवढासा तुकडा जड झालाय!"

मग ती हट्टाला पेटली. शाडूची कौलं पेन्सिलीवर वळवून वाळवली, चपट्या कौलांच्या सांध्यांवर अर्धगोल कौलं बसवली. अंड्यांच्या टरफलांचे तुकडे रंगवून जमिनीवर नक्षी केली. रस्त्याकडच्या भिंतींना खिडक्या जवळपास नाहीतच, कारण तिथे त्या नसायच्या. मागच्या बागेत मोहरी पेरली. रोमन लोकही मोहरी खायचे, हे तिने आधी तपासून घेतलं होतं.

गुरुदत्तकाका किल्लेस्पर्धेचे कायमचे परीक्षक. निवृत्त आर्किटेक्ट, शब्दाला कडक. रायगडावर प्लास्टिकचं झाड दिसलं म्हणून गेल्या वर्षी त्यांनी एका पोराला रडवलं होतं. आता ते कंबरेवर हात ठेवून घराभोवती फिरत होते.

"छपराला भोक आहे."

"असतंच. पावसाचं पाणी खालच्या हौदात पडतं."

"आणि हौदामागची ही खोली?"

"घरच्या कर्त्याची. लोक तक्रारी घेऊन यायचे, तो इथे बसून ऐकायचा."

"बसून?"

"बसून. का, तेही चुकलं?"

काकांनी वाकून खोलीवर वीत टेकवली आणि स्वतःशीच काहीतरी पुटपुटले. चुका काढायची हौस भारी म्हाताऱ्याला, असं रसिकाच्या मनात आलं. तिला मनापासून राग आला.

"काका, फायनल सांगा ना," कमलेश म्हणाला. "किल्ला आहे की नाही?"

"महाराज नाहीत तर किल्ला कसला? नियम म्हणजे नियम."

"ऐकलंत मॅडम? मग हा ढिगारा झाला. उद्या सकाळी माणसं येतायत, हटवून घ्या. नाहीतर आम्ही हटवू."

"हटवून दाखवा," रसिका म्हणाली.

घरी सर्वेशने चहाचा कप बायकोच्या हातात दिला आणि जपून विषय काढला. "अगं, एक छोटी मूर्ती ठेव ना मधे. त्याच्या बापाची हिंमत नाही मग हात लावायची."

"रोमन घरात महाराज? वेड लागलंय का तुला? कौल न् कौल खरं केलंय मी. तिथे एकसुद्धा चुकीची वस्तू येणार नाही."

"मग तोडतील ते."

"तोडू देत. पण आधी मला उचलावं लागेल."

सकाळी टेम्पो आला. रसिका तो आत वळताना पाहूनच जिना उतरली आणि धावत जाऊन मातीत हात पसरून उभी राहिली. हलायचा प्रश्नच नव्हता. कमलेशने इशारा केला तसा पहिला मजूर कुदळ घेऊन पुढे झाला. तिच्या खांद्यावरून त्याने घराकडे पाहिलं, कुदळ खाली ठेवली आणि पायातल्या चपला काढल्या.

"काय झालं रे?" कमलेश ओरडला.

मजुराने नुसतं बोट दाखवलं. छपराच्या भोकातून दिसणाऱ्या कर्त्याच्या खोलीत, सिंहासनावर, महाराज बसले होते.

रसिकाने वळून पाहिलं आणि तिचा चेहरा लालबुंद झाला. तिने मागून आलेल्या सर्वेशकडे डोळे वटारले.

"आईशप्पथ, मी नाही!"

"कुणी का ठेवेना. हे इथलं नाही. काढते मी." तिने छपरातून हात आत घातला.

"खबरदार!" दुधाची पिशवी हातात घेऊन गुरुदत्तकाका तरातरा आले. "बसलेल्या महाराजांना तुळशीचं लग्न होईपर्यंत उठवायचं नसतं."

"काका, काल तुम्हीच बोललात ना, हा किल्ला नाही!" कमलेश रडकुंडीला आला.

"काल महाराज नव्हते. आज आहेत. चालवायची आहे कुदळ? चालवा."

कमलेशने मजुरांकडे पाहिलं. सगळे अनवाणी उभे होते. थोड्या वेळाने टेम्पो आला तसा परत गेला.

रसिका अजून धुमसत होती. "काका, सभेपर्यंत माती वाचली, मान्य. पण माझ्या घरात चुकीची वस्तू घुसवली ना कुणीतरी!"

"त्याचे गुण कापणारच आहे मी," काका वाकून छपरावरचं एक हललेलं कौल नीट करत हळूच म्हणाले. "आणि हे बघ, आमच्या शोकेसमधले महाराज कुठे गेले म्हणून काकूने विचारलं, तर तुला काही ठाऊक नाही."