कागदापुरती शहाणी

प्रभाकरच्या पत्राला श्रीकांत मास्तरांनी वर्षभर उत्तर दिलं नव्हतं. ‘ताई आता असमर्थ आहे,’ मेहुण्याने कोकणातून लिहिलं होतं. ‘वडिलांच्या घरातला तिचा वाटा सोडल्याची सही तुम्हीच करा.’ मास्तरांनी शब्दकोश काढला होता. असमर्थ. अक्षम. अपात्र. अर्धांगाने वाचा गेलेल्या आपल्या बायकोला, मालतीला, यातलं काय लागू पडतं, ते त्यांना ठरवता येईना. आणि तोंडावर नाही म्हणणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं.

आज प्रभाकर स्वतःच सिल्वासात, आमली भागातल्या त्यांच्या घरी येऊन बसला होता. चहाला त्याने हातही लावला नाही.

“उत्तर लिहायला हात झडले होते का, भाऊजी?”

“शब्द सापडत नव्हता.”

“आणि जन्मभर पोरांना शब्दच शिकवलेत! वकील म्हणतो, तुमची सही चालत नाही. वेडी ठरवायची तर कोर्टात चपला झिजतील. तेव्हा ताई शहाणी. तिचाच अंगठा घेतो.”

“गावभर तर ती वेडी झाली म्हणून सांगितलंस.”

“ते गावात. हे कागदावर.”

त्याने खाटेजवळ शाईचं पॅड उघडलं. मालतीने मूठ आवळली. तो तिचं एकेक बोट उकलू लागला. “सोड गं! बघा, काही म्हणता काही कळत नाही हिला.”

मास्तर उठले. मेहुण्याचा हात धरायची छाती झाली नाही. ते खाटेशी वाकले. वर्षभर त्यांनी शब्दकोशाला विचारलं होतं. तिला विचारलंच नव्हतं.

“मालती, वाटा सोडायचाय तुला?”

तिने मान हलवली. नाही. भावावर डोळे रोखून पुन्हा हलवली.

“वारं आलं तरी हलते ती मान,” प्रभाकर कागद गुंडाळत म्हणाला. “तुमचं ऐकणार कोण? गाव मला ओळखतं. पुन्हा येईन. तोवर पत्राचं उत्तर लिहा, जमलं तर!”

तो जिना उतरला तशी मास्तरांनी लेखणी उचलली.

‘चि. प्रभाकर, तुझ्या ताईला सगळं कळतं. तू तिची मूठ उकलत होतास, तेव्हाही कळत होतं. ती वाटा सोडत नाही.’

त्यांनी ते मालतीला वाचून दाखवलं. तिने आपणहून अंगठा पुढे केला.

घरात कोरी पाकिटं होती. तरी मास्तरांनी टपालपेटीत टाकलं ते उघडं कार्ड. त्यांच्या सासुरवाडीचा पोस्टमन प्रत्येक कार्ड आधी पारावर मोठ्याने वाचतो, आणि मगच ज्याचं त्याला देतो.