कान सरावेपर्यंत

"तेल उडालं," सुमित्राबाईंच्या आधी विवेकनेच उत्तर दिलं. "मावशींना नीट सांगता येत नाही, म्हणून मी सांगतो."

डॉक्टरबाईंनी त्याला हातानेच थांबवलं आणि केयाकडे पाहिलं. केया हॉस्पिटलची दुभाषी. जन्म, शाळा, नोकरी, सगळं अमेरिकेतल्या अल्फारेटातच. डॉक्टरांचं इंग्रजी मराठीत आणि पेशंटचं मराठी इंग्रजीत करायचं, एवढंच तिचं काम. मध्ये स्वतःचं मत घालायचं नाही, स्वतःचा प्रश्न विचारायचा नाही. स्वतःच्या वतीने तिला एकच गोष्ट बोलायची मुभा होती: कळलं नाही.

सुमित्राबाईंच्या मनगटावरचा डाग तिकोनी होता, इस्त्रीच्या टोकासारखा. तेल असं आखून-रेखून उडत नाही, हे खोलीतल्या चौघांनाही ठाऊक होतं.

डॉक्टरांनी आधीच विवेकला बाहेर बसायला सांगून पाहिलं होतं. "मी नसलो की त्या घाबरतात," तो म्हणाला, आणि सुमित्राबाईंनी त्याच्याकडे बघत मान हलवली. दोन वर्षांपूर्वी त्याने त्यांना कोकणातून स्वयंपाकाला आणलं होतं. त्यांचा पासपोर्ट त्याच्याच बॅगेत असायचा. चारचौघांत तो त्यांना घरचंच माणूस म्हणायचा. घरच्या माणसाला एकटं कुठे सोडायची मात्र त्या घरात पद्धत नसावी.

"हात कसा भाजला?" केयाने मराठीत विचारलं.

"हातार त्याल उडलां," सुमित्राबाई जमिनीकडे बघत म्हणाल्या.

हे वाक्य आपल्या तोंडून इंग्रजीत गेलं की संपलं. ते नोंदलं जाणार, मलम मिळणार, आणि या बाई त्याच गाडीत बसून त्याच घरी परत जाणार. तिने तोंड उघडलं आणि मिटलं.

"कळलं नाही ना?" विवेक हसला. "मालवणी आहे गं ते. आम्ही पुण्याचे, आम्हालाच सहा महिने लागले यार. तू तर इथली. सोड, मी ट्रान्सलेट करतो."

केयाचे कान लाल झाले.

"दुभाषीला पेशंटचं बोलणं कळत नाहीये," ती डॉक्टरांना म्हणाली. अनोळखी ढब असली की दुभाषे त्या माणसाला आधी इकडचं-तिकडचं बोलू देतात. गाव, जेवण, हवापाणी. हळूहळू कान सरावतो. तेवढा वेळ तिने मागून घेतला आणि विवेककडे वळली. "सॉरी काका, माझं मराठी खरंच कच्चं आहे. मध्ये दुसरा आवाज आला की अजूनच कन्फ्यूज होते. थोडा वेळ बाहेर बसाल का, प्लीज?"

कुणी संशय घेतला असता, तर विवेक तिथेच अडून बसला असता. कीव करायला मात्र तो एका पायावर तयार झाला. "टेक युअर टाइम," म्हणत तो कॉफी आणायला गेला.

डॉक्टरांनी दार लावून घेतलं. "हात कुणी भाजला?" त्यांनी सुमित्राबाईंना विचारलं.

केयाने खुर्ची पुढे ओढली. घरी तिची आई आणि आजी ज्या मालवणीत भांडायच्या आणि जेवायला हाका मारायच्या, त्याच मालवणीत, कुठेही न अडखळता, तिने तो प्रश्न विचारला.

"मावशे, तुझो हात कोणी भाजल्यान?"