शेवंताची शीर

बायको शेवंता गेल्याचं कळलं त्याच दुपारी आयसीयूच्या सिस्टरने हणमंतरावांना सोनोग्राफीच्या पडद्यासमोर बसवलं. पडद्यावर शेवंताच्या मानेतली शीर श्वासासरशी लहानमोठी होत होती.

"अहो, मग ही जिवंत आहे ना?"

"नाही काका. मानेत नळी घालताना मशीनने त्यांची मान टिपून ठेवली. आता नवे डॉक्टर हिच्यावर सराव करतील, तुम्ही हो म्हणालात तर." सिस्टरने मशीनला जोडलेल्या सरावाच्या रबरी मानेवर सोनोग्राफीचा दांडा, प्रोब, दाबला. पडद्यावरची शीर चपटी झाली.

हणमंतरावांनी सिस्टरचा हात धरला. "दाबू नका. तिला त्रास होतो."

"शीर दबते, धमनी दबत नाही. तसंच ओळखतो आम्ही. यांची शीर भलत्याच जागी होती, काका. हिच्यावर शिकले तर पुढे कुणाच्या धमनीत सुई जाणार नाही."

"रोज किती जण टोचतील?"

"तीसेक."

शेवंता साध्या इंजेक्शनलाही घाबरायची.

फॉर्मवर दोन चौकोन होते, 'ठेवा' आणि 'पुसा'. हणमंतराव फॉर्म तसाच घरी घेऊन आले. मेहुण्याने दहाव्याचं विचारलं, तेव्हा म्हणाले, "तिकडे श्वास चालू आहे, दहावा कसा करू?"

आज बारावा दिवस. फॉर्म कोरा आहे आणि दहावाही राहिला आहे.